खिडकीला मल्चिंग पेपर आणि भिंतीवर सूर्य

लोणार बघायला जायचं कधीपासून मनात होतं. पण माणूस सहलीला जातो ते आनंदानं. मी गेले ते संतापून. हा ब्लॉग वाचून जे तिकडे जायचं ठरवतील त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर दचकायला होणार नाही.

झालं असं की अकोल्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हलता येत नव्हतं. तिची मुलगी प्रणिता सुलतानपूरला दिली आहे, लोणार तालुक्यात. भाजीपाला करणारं घर, माणसं कष्टाळू. प्रणिताला सातवा महिना.

"ती आठवडाभर खोलीबाहेर पडली नाहीये," बहीण म्हणाली. "सौर वादळ पाळतेय."

"काय पाळतेय?"

"अगं, सूर्यावर वादळ आलंय ना. ग्रहणासारखं पाळायचं म्हणे गरोदर बायकांनी. दिवसा खायचं नाही, चिरायचं नाही, उजेडात यायचं नाही. डॉक्टरांनी बीपी तपासायला बोलावलं होतं, तेही चुकवलं."

मी फोन ठेवला आणि बॅग काढली.

माझी सगळी नोकरी रेडिओच्या ट्रान्समीटरवर गेली. सूर्यावर मोठा स्फोट झाला की दिवसाउजेडी आमच्या लघुलहरी अचानक गप्प व्हायच्या, आणि वरचे साहेब आम्हाला विचारायचे की कोणी काय बिघडवलं. त्या स्फोटाचे किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, वरच्या हवेचा थर बिथरतो, लहरी परत येण्याऐवजी तिथेच विरतात. थोड्या वेळानं सगळं ठीक. इतकी वर्षं सूर्याच्या लहरी सांभाळल्या, पण त्या काळात ट्रान्समीटरच्या आवारातल्या एकाही बाईला कोणी अंधारात कोंडलं नव्हतं. आता हातात फोन आलेत आणि बायका अंधारात गेल्यात.

बॅगेत दोन साड्या, गोळ्यांचा डबा आणि माझी जुनी दुर्बीण. पुण्याहून जालन्यापर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट, खिडकीची जागा पहाटे गेलं तरच मिळते. जालन्याला मुक्काम केला. लॉजचं नाव लिहीत नाही, पण गरम पाणी म्हणजे काय याबद्दल त्यांचे आणि माझे मतभेद आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहकरकडे जाणारी बस धरली. सिंदखेडराजा मागे पडलं की दोन्ही बाजूंना हरभरा सोंगून टाकलेला, मध्येच गव्हाचे पिवळे पट्टे, आणि फेब्रुवारीतच ऊन असं की काचेला हात लावला तर चटका. रस्ता मोठा आणि चांगला आहे, गतिरोधक मात्र ज्यानं घातलेत त्याला पाठीचा कणा नसावा.

माझ्या शेजारी अमडापूरच्या एक बाई होत्या, मांडीवर कोंबडीच्या पिलांचं खोकं. माझ्या हातात दुर्बीण बघून विचारलं, "वन अधिकारी हाय का तुमी?"

"नाही. सूर्य बघायला चालले आहे."

"तो त इथूनबी दिसते," बाई म्हणाल्या आणि पिलांना पाणी पाजू लागल्या. त्या प्रवासातलं शहाणपणाचं बोलणं तेवढंच.

सुलतानपूरच्या स्टँडवर आलुबोंडा रस्सा टाकून मिळतो. गरम असेल तरच घ्या, आणि रस्सा आधी थोडा चाखून बघा. मी चाखला नाही आणि पुढचे काही क्षण राग विसरले.

जावई विशाल मोटारसायकलवर घ्यायला आला. साधा मुलगा, बोलणं कमी. घर गावाच्या कडेला, मागे वांगी, टोमॅटो, मेथीचे वाफे. अंगणातून पाहिलं तर पश्चिमेकडची एक खिडकी चकाकत होती. पत्र्यासारखी. जवळ गेले तर तो मल्चिंग पेपर. भाजीच्या वाफ्यावर अंथरतात ना, एक बाजू चंदेरी, एक काळी, तो. चंदेरी बाजू बाहेर ठेवून खिळ्यांनी ठोकला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"उन्हाले माघारी धाडते ना थो, मावशी," विशाल म्हणाला. "वाफ्यावर चालते, म्हून खिडकीले लावला."

बुद्धी होती हो. त्याचीच तर चीड आली. मातीचं तापमान राखायला जे शास्त्र बिनचूक वापरतात ते, बायकोला कोंडायला तितक्याच बिनचूकपणे वापरलं होतं.

प्रणिताची सासू कौसल्याबाई दारात आल्या. उंच, काटक, नऊवारीचा ओचा खोचलेला, हाताला मेथीची माती.

"या ईनबाई. पोरीले पाहाले आल्या बरं केलं. पण हात-पाय धुऊन आत जा अन् दार लवकर ओढा. ऊन हाय."

आत गेले. डोळे सरावायला वेळ लागला. प्रणिता भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, पावलं सुजून चपलेचा पट्टा रुतेल अशी. पाण्याच्या तांब्यात तुळशीची पानं. कपाळावर हात.

"डोकं दुखतंय?"

"थोडं. तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब, मावशी?"

"गोळ्या घेतेस?"

"लोहाच्या उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं. रात्री जेवते ना, तेव्हा घेते कधी कधी."

मी बाहेर आले आणि जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला काट्या-चमच्यानं जेवायला शिकवलं आणि समोरच्याला पूर्ण वाक्यात फटकारायला शिकवलं. पहिली कला मी सोडली. एवढं सांगते की सिस्टरसुद्धा ग्रहणाच्या दिवशी वर्गाचे पडदे ओढून घ्यायच्या आणि डबे उघडू द्यायच्या नाहीत, त्यामुळे हा फक्त खेड्याचा दोष आहे असं समजणाऱ्यांनी माझ्यापासून लांब राहावं.

"विहीणबाई, ग्रहण काही तासांत सुटतं. हे कधी सुटणार?"

कौसल्याबाईंनी विशालकडे पाहिलं. विशालनं फोन काढला. त्यात एक माणूस, कपाळभर गंध, मागे पेटलेल्या सूर्याचं चित्र. सूर्याचा कोप झालाय, गर्भावर चुंबकीय किरणांचा परिणाम होतो, गर्भवतींनी दिवसा अन्न वर्ज्य करावं. आणि शेवटी, हात जोडून: पुढचा व्हिडिओ येईपर्यंत नियम सुरू ठेवा.

"पंचांगात मोक्ष नाई लिवला याचा," कौसल्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्या तीन पंचांगं पाह्यले. म्हून आमी त्याच्या व्हिडिओची वाट पाहून राह्यलो."

त्या माणसाला मी भेटले नाही हे त्याचं नशीब. ग्रहणाला निदान सुटण्याची वेळ असते. यानं बायकांना अशा तुरुंगात टाकलं ज्याची किल्ली त्याच्या पुढच्या व्हिडिओत होती, आणि तो बहुधा जेवून झोपला होता.

मी प्रणिताला म्हटलं, "ऊठ. गाडी मागवते. मेहकरला दवाखान्यात जाऊ."

आणि तिथेच घोडं अडलं. कारण नाही म्हणाली ती सासू नव्हे. प्रणिता.

"मी नाही येत, मावशी. मागच्या वेळी बाळ गेलं ना माझं. ग्रहणाच्या दिवशी मी बाहेर बसून मेथीच्या जुड्या बांधल्या होत्या. सुतळी कापली विळ्यानं. पुढच्या महिन्यात गेलं." ती शांतपणे बोलत होती. "या वेळी मी काहीच चुकणार नाही."

मला खूप बोलता येतं, हे आतापर्यंत कळलंच असेल. पण तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मी विशालला गावातल्या नर्सबाईंना आणायला धाडलं. त्यांनी घरीच बीपी मोजलं, पायाच्या सुजेवर बोट दाबून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "बीपी वर आहे. अजून फार नाही. पण उद्यापर्यंत दवाखान्यात न्याच. लघवी तपासायला पाहिजे. अन् डोळ्यांपुढे अंधारी आली का तवाच्या तवा." कौसल्याबाईंनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, हे मला कळलं.

चार वाजत आले होते. मी परत आत गेले आणि समोरच्या भिंतीवर मला रुपयाएवढा उजेडाचा गोल दिसला. मल्चिंग पेपरला एका खिळ्याजवळ भोक पडलं होतं. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून ऊन आलं की भिंतीवर उजेडाचा ठिपका पडत नाही, सूर्याचं चित्र पडतं. सूर्यापासून वाचायला त्यांनी जी खोली केली होती, तिचा त्यांनी नकळत कॅमेरा केला होता.

मी दुर्बीण काढली. वाचकांनो, दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही. कधीच नाही, गंमत म्हणूनही नाही, डोळा कायमचा जातो. मी ती खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधली, एक भिंग झाकलं, दुसरं भोकासमोर आणलं, भोक थोडं मोठं केलं, आणि मागून येणारा उजेड एका जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पाडला. ताटलीएवढा सूर्य कागदावर उभा राहिला. पांढरा, गोल, आणि मध्यापासून कडेकडे सरकलेले काळे डाग. एक मोठा, त्याच्या मागे दोन पिल्लं.

"हे डाग आहेत?" प्रणिता पुढे सरकली. आठवड्यात पहिल्यांदा ती कशाच्या तरी जवळ गेली असेल.

मी सुतळीचा तुकडा घेऊन तिच्या हातात दिला. "पीळ दे. अजून दे. अजून."

सुतळीच्या मध्यावर वेटोळं उभं राहिलं.

"सूर्य दगडासारखा एकसंध फिरत नाही. मधला भाग भरभर फिरतो, टोकांकडचा सावकाश. त्याच्या आत चुंबकाच्या रेषा असतात, त्यांना असा पीळ बसतो. मग असं वेटोळं पृष्ठभागातून वर निघतं. तिथे आतली उष्णता वर यायला अडते, तेवढी जागा जरा थंड, म्हणून काळी दिसते. थंड म्हणजे लोखंडाची वाफ होईल इतकी. आणि पीळ सोसेनासा झाला की वेटोळं तुटतं, पुन्हा जुळतं, आणि जो भडका उडतो ती सौर ज्वाला. कधी कधी कणांचा ढगही सुटतो. तो इथे पोचायला दिवस-दोन दिवस लागतात. पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे, ती त्याला वळवते. उरलंसुरलं उपग्रहांना, रेडिओला, विजेच्या मोठ्या तारांना त्रास देतं. वरची हवा इतकी जाड आहे की त्यातलं काही तुझ्या पोटापर्यंत येत नाही."

प्रणिता कागदाकडे बघत होती. मला वाटलं, झालं. जिंकले.

तेवढ्यात कौसल्याबाई चहा घेऊन आत आल्या, आणि त्यांनी कागदावरचा सूर्य पाहिला.

"अवं माय! सूर्य घरात आणला?" कपबशी जमिनीवर गेली. "ज्याच्यापासून लपून राह्यलो त्यालेच पोरीपुढं मांडला? अन् डागासकट?"

त्यांनी पदरानं प्रणिताचं पोट झाकलं आणि मला खोलीबाहेर काढलं. हो, मला. आयुष्यात एवढ्या सौजन्यानं मला कोणी हाकललं नव्हतं. पाठोपाठ दुसरा चहा आला. पण काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिताचं डोकं कमी दुखत होतं, ती यायला तयार नव्हती, आणि मी घरात थांबले असते तर भांडण झालं असतं. म्हणून काळी-पिवळीनं लोणारला गेले. अर्ध्या तासाची वाट, जीप भरल्याशिवाय निघत नाही, भरली म्हणजे किती याला मर्यादा नाही. सरोवर वरून बघा. ते हिरवट पाणी, भोवतीची झाडी आणि तो खाऱ्या डबक्यासारखा वास फोटोत येत नाही. सकाळी लवकर उतरा, पाणी बरोबर घ्या, चढताना गुडघे शिव्या देतात. दैत्यसूदन मंदिराचं कोरीवकाम बघायला मान वर करून बराच वेळ उभं राहावं लागतं, आणि ते करावं.

मोठ्या मारुतीपाशी गेले. आडवा पडलेला मारुती, दगडात चुंबकत्व आहे असं म्हणतात. एक गाईड चार पर्यटकांना सांगत होता, "पाहा, मोबाईलचा होकायंत्र फिरून राह्यला. हा दगड सौर वादळ खेचून घेते. म्हून लोणारले काही होत नाई."

"मग सुलतानपूरला का होतं?" मी विचारलं. "बारा-तेरा किलोमीटरवर तर आहे."

"तुमी कोन, मॅडम?"

"मी रेडिओवाली. दगडात लोह आहे म्हणून सुई हलते. सूर्याला त्याचा पत्ताही नाही."

तो हसला. "मॅडम, खरं सांगू? लोकायले असं सांगतलं का लोक खूश होतात. तुमच्यासारखं सांगतलं त चार जणं उठून जातात."

चारही जण खरोखर निघून गेले होते. मला त्याचा राग आला, आणि तो खरं बोलला याचा जास्त.

चारच्या आत परतले. अंगणात कौसल्याबाई मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी त्यांच्याशी न बोलता खोलीकडे गेले तर आतून प्रणिता म्हणाली, "मावशी, दुर्बीण तशीच आहे. मी कोणाला हलवू दिली नाही. बघूया ना तो कुठे गेला."

काल तिनं काजळानं कागदावर गोल काढून डागांच्या जागा टिपल्या होत्या. मला माहीतही नव्हतं. आम्ही सूर्य बरोबर त्या गोलात बसवला. मोठा डाग कालच्या खुणेपासून सुटून पार कडेला गेला होता, चपटा होऊन.

दारात सावली पडली. कौसल्याबाई उंबऱ्यावर. आत आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत.

"सरकला का थो?"

"सूर्य फिरतो, आई," प्रणिता म्हणाली. "डाग त्याच्यासोबत पलीकडं चाललाय."

"म्हंजे पाठ फिरवून राह्यला?" त्यांचा चेहरा उजळला. "मंग हाच मोक्ष ना, ईनबाई?"

हो म्हणायचं होतं. एक शब्द. पोरगी दवाखान्यात गेली असती. प्रणिताही माझ्याकडे बघत होती. पण मी त्या व्हिडिओवाल्याच्या जागी बसायला तयार नव्हते.

"नाही. मोक्ष नाही. हा जाईल, दुसरा येईल. पलीकडून फिरून हाही परत येऊ शकतो. अशी वर्षं असतात की डाग रोज दिसतात, मग काही वर्षं कमी होतात, मग पुन्हा. सूर्य आहे तेव्हापासून हेच चाललंय."

मी सगळं बिघडवलं, असं मला वाटलं.

"तेव्हापासून?" कौसल्याबाई म्हणाल्या. "म्हंजे विशाल पोटात व्हता तवा बी?"

"तेव्हाही."

"म्या त नवव्या महिन्यापोतर निंदलं. भर उन्हात. डोक्यावर फडकं अन् हातात विळा."

"त्याच डागांखाली निंदलंत."

त्या उंबऱ्यावर बसल्या. विळ्याचा हात मांडीवर. बोलल्या ते माझ्याशी नव्हे, जमिनीशी. "ग्रहणाच्या दिवशी जुड्या बांधाले म्याच बसवलं व्हतं तिले. भाजीची गाडी लवकर येनार व्हती. पोरगी म्हने आई, आज नको. म्या म्हनलं, काऊन, काई होत नाई. अन् मंग झालं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता ह्या खेपेले कोनी काईबी पाळाले सांगतलं असतं त म्या पाळलं असतं."

प्रणिता उठली. भिंतीला धरून, सावकाश. सासूच्या शेजारी उंबऱ्यावर बसली, आणि पश्चिमेचं ऊन तिच्या सुजलेल्या पावलांवर पडलं. आठवड्यात पहिल्यांदा. कौसल्याबाईंनी त्या पावलांकडे पाहिलं, उजेडात, नीट.

"विशाल!" त्या ओरडल्या. "गाडी काढ बे! पोरीचे पाय पाहाले कोनी का नाई सांगतलं मले?"

मी सांगितलं होतं. नर्सबाईंनीही सांगितलं होतं. पण अंधारात पाय कोणाला दिसतात?

भाजीच्या पिकअपमधून मेहकरला गेलो. पुढे प्रणिता आणि सासू, मागे टोमॅटोच्या क्रेटांमध्ये मी. कौसल्याबाईंनी निघताना मल्चिंग पेपरचा तुकडा प्रणिताच्या काचेला लावलाच, चंदेरी बाजू बाहेर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. उन्हाचा चटका तर खरा होता. बीपी आदल्या दिवसापेक्षा वाढलं होतं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं आणि विचारलं, "अजून दोन दिवस का नाही थांबलात?" हे त्यांनी ज्या सुरात विचारलं तो सूर मला फार आवडला.

पुण्यात परत येऊन बरेच दिवस झाले. राग गेलेला नाही, आणि जाऊ नये असं मला वाटतं. त्या माणसाचा पुढचा व्हिडिओ आला. नियम संपले असं त्यात कुठेच नाही, या वेळी विषय वेगळा होता. सौर वादळाचं तो विसरून गेला होता. कितीतरी घरांत अजून कोणीतरी वाट बघत असेल.

दुर्बीण मी सुलतानपूरलाच ठेवली. काल दुपारी प्रणितानं फोटो पाठवला: कॅलेंडरचा कागद, सूर्याचा गोल, त्यात काजळाचे ठिपके. खाली कौसल्याबाईंचा आवाज टाकलेला होता. मागे भांड्यांचा खणखणाट.

"ईनबाई, आज पाच हायेत. मोठे हायेत. पोरगी जेऊन राह्यली, दुसरी भाकर घेतली तिनं. थे तुमचे डाग तुमी पाहा, आमाले वेळ नाई."